पायांकडे कोण बघतो?

मराठी चित्रपटातल्या माणसाला पाय असतात, यावर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. डोकं असतं, कारण त्यावर फेटा असतो. ओठ असतात, कारण त्यांवर मिशी असते. कंबर असते, कारण तिच्यावर लावणी असते. पण गुडघ्याच्या खाली काय असतं, हा प्रश्न आपल्या कॅमेऱ्याने सहसा विचारला नाही आणि आपण प्रेक्षकांनीही कधी तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत. क्वचित पाय दिसतात ते खलनायक यायच्या वेळी. आधी करकर आवाज, मग पायातली चप्पल, मग धोतराचा सोगा, मग हळूहळू वर सरकत मिशीचा आकडा. आणि ती चप्पल कोणती? कोल्हापुरी! गाव गंगाथडीचं असो, माणदेशातलं असो की आमच्या बालाघाटाच्या डोंगरातलं असो, पडद्यावरचा झाडून सगळा ग्रामीण महाराष्ट्र एकाच दुकानातून चप्पल घेऊन आल्यासारखा चालतो.

याला माझा सक्त विरोध आहे. तो कोल्हापूरला नाही. कोल्हापूरच्या चपलेबद्दल मला आदर आहे, आणि तिचे इतरही उपयोग लहानपणापासून ठाऊक असल्यामुळे थोडी भीतीही आहे. विरोध आहे तो कपडेपटातल्या त्या एका पत्र्याच्या ट्रंकेला. पाटील आला की ट्रंक उघड, सरपंच आला की ट्रंक उघड, ऊसतोड्या आला की पुन्हा तीच ट्रंक. फेट्याच्या बाबतीत लोक किती जागरूक! हा फेटा पुण्याचा, हा सातारचा, याचा शेमला कुठे, त्याचा तुरा कुठे, यावर सेटवर भांडणं होत असतील. लुगड्याच्या काठावरून गाव ओळखणारी माणसं आपल्याकडे आहेत. फक्त नजर पायाशी आली की आपली सगळी विद्वत्ता ओसरीवर चपला काढून आत निघून जाते.

हा विषय माझ्या डोक्यात, किंवा खरं म्हणजे पायात, भरवला माझ्या भाच्याने. तो पुण्यात नोकरीला आहे. त्यांच्या कचेरीत वेशभूषेची स्पर्धा असते आणि हल्लीचा नियम असा, की वेश पडद्यावर दिसला तसाच, तंतोतंत हवा. जगभर या नादाची माणसं आहेत म्हणे. चित्रपट थांबवून थांबवून कोटाची बटणं मोजतात. भाच्याने निवडला होता ‘सामना’तला साखर कारखान्याचा चेअरमन, म्हणजे आपले निळूभाऊ फुले. तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांचा, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला चित्रपट. निवड उत्तम होती. टोपी मिळाली, कपडे शिवून झाले, मिशी तर त्याने स्वतःच्या चेहऱ्यावरच उगवली. अडलं पायाशी.

“मामा,” तो फोनवर म्हणाला, “अस्सल पाहिजे. पुण्यात सगळं नकली मिळतं. तुम्ही बीडला आहात, तुमच्याकडे खेडी आहेत.”

आमच्याकडे खेडी आहेत, हे पुण्याच्या माणसाने सांगितलं की आम्हाला नेहमीच बरं वाटतं.

“पण चित्रपटात नेमकी कोणती आहे ते दिसलं का तुला?”

“तीच तर पंचाईत आहे. पाय बघावे म्हटलं की माझी नजर चेहऱ्यावरच जाते.”

यात भाच्याचा काही दोष नाही. निळूभाऊंचा चेहरा समोर असताना पायांकडे बघेल असा माणूस महाराष्ट्रात जन्मायचा आहे.

मग मी बीडच्या बाजारात फिरलो. एका दुकानदाराने खोक्यातून झकास जोड काढला. “घ्या, कोल्हापुरी!” हातात घेतला तर कागदासारखा हलका. तळ फोमचा, पट्टा रेक्झिनचा, वेणी छापलेली. म्हणजे वेणी घातलेली नाही, वेणीचं चित्र! “पाण्यात धुता येते साहेब,” हे त्याने वर कौतुकाने सांगितलं. दुसऱ्याने चिकटपट्टीची कोल्हापुरी दाखवली. तिसऱ्याकडे बायकांची होती, टाच तीन इंचांची. ती घालून चेअरमन सभेला गेले असते तर अविश्वासाचा ठराव जागच्या जागी मंजूर झाला असता. चौथ्याने खरी चामड्याची काढली, पण ती खुद्द कोल्हापूरहून आलेली आणि तिची किंमतही बहुधा तिथून पायी चालत आलेली. वाटेत बरीच वाढलेली होती.

शेवटी रस्त्याच्या कडेला छत्रीखाली बसणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिरापाशी गेलो. समोर आरी, रापी, पाण्याची कुंडी. मी मोबाइलवर चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

“बाबा, असा जोड करून द्याल?”

“ह्यो मानूस कुटं हाय?”

“तो सिनेमातला आहे. घालणार माझा भाचा.”

“मंग भाच्याला आना. कागदावर पाय ठिवू द्या, पेन्सिल फिरिवतो. फोटूला माप नसतंय सायेब.”

या एका वाक्यापुढे जगातले सगळे तंतोतंतवाले आडवे पडावेत अशी माझी इच्छा आहे. फोटोला माप नसतं. टोपी दोन बोटं मोठी असली तरी डोक्यावर बसते, सदरा सैल असला तरी खपतो. जोडा मात्र कोणाच्या तरी पायाचा असावा लागतो. नव्या वहाणेला तेल पाजायचं, ती चार दिवस चावणार, मग हळूहळू अंगठ्याचा खळगा पडणार, टाच एका बाजूने झिजणार, आणि मग ती वहाण त्या एका माणसाची होणार. नाटक-सिनेमावाले कपडे जुने दिसावेत म्हणून चहाच्या पाण्यात बुडवतात, पॉलिशपेपरने घासतात. आमच्या जिल्ह्यात या कामाला खर्च नाही. नवा जोड घालून बीडहून मांजरसुंब्यापर्यंत उन्हातून चालत जावं. चप्पल जुनी होतेच, शिवाय माणूसही भूमिकेत शिरतो.

भाच्याला सुट्टी नव्हती. त्याने पुण्यातच काहीतरी विकत घेतलं, स्पर्धेत उभा राहिला आणि बक्षीस मिळवून आला. ते मिशीला मिळालं. परीक्षकांनी पायांकडे बघितलंच नाही. बघतील कशाला? तेही मराठी चित्रपट बघूनच मोठे झालेले.

आता कोणी म्हणेल, चपलेसारख्या चपलेवरून एवढा त्रागा कशाला? अशा मंडळींनी जरा अमेरिकेकडे बघावं. १९३९ च्या ‘विझार्ड ऑफ ऑझ’मध्ये ज्युडी गार्लंडने टिकल्या लावलेले लाल बूट घातले होते. मूळ पुस्तकात ते रुपेरी आहेत. पण चित्रपट रंगीत निघत होता, रंगावर पैसे खर्च झालेले, तेव्हा बूटही लाल झाले. म्हणजे अस्सल म्हणून जे डोक्यावर घेतलं जातं ते मुळात पुस्तकाशी बेइमान. त्यांतला एक जोड २००५ साली एका संग्रहालयातून चोरीला गेला, २०१८ मध्ये सापडला आणि डिसेंबर २०२४ मध्ये लिलावात त्यावर २ कोटी ८० लाख डॉलरची बोली लागली. आपल्या हिशेबाने सव्वादोनशे कोटी रुपयांच्या वर. देवळाबाहेर चपला चोरीला जाण्याचा आपला अनुभव दांडगा आहे, पण तेरा वर्षांनी सापडून एवढा भाव आल्याचं एकही उदाहरण आपल्याकडे नाही. चार्ली चॅप्लिनने १९२५ च्या ‘गोल्ड रश’मध्ये भुकेपोटी बूट उकडून खाल्ला. तो ज्येष्ठमधाच्या मिठाईचा बनवलेला होता. खायचा बूटसुद्धा त्यांनी मन लावून बनवला, आणि आपण घालायचा बनवत नाही! आपल्या राज कपूरने १९५५ साली ‘श्री ४२०’मध्ये फाटका बूट घालून अख्खी भूमिका उभी केली. पाय बोलतात. त्यांना बोलू द्यायची दानत हवी.

आणि हे आपल्याला जमत नाही असंही नाही. भारताला वेशभूषेचं पहिलं ऑस्कर मिळवून दिलं ते कोल्हापुरात जन्मलेल्या भानू अथय्या यांनी, १९८२ च्या ‘गांधी’साठी. ज्या माणसावर तो चित्रपट होता तो बॅरिस्टर असून चपला शिवायला शिकलेला. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी स्वतः बनवलेला जोड जनरल स्मट्स यांना भेट दिला, आणि स्मट्सनी तो बरीच वर्षं वापरून १९३९ साली, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त आदराने परत पाठवला. ज्यांना तुरुंगात घातलं त्यांनीच शिवलेली चप्पल पायात घालून फिरणं म्हणजे काय, हे त्या सेनापतीला कळलं होतं. आमच्या कपडेपटाला कधी कळणार? अथय्याबाईंनी तर २०१२ साली आपला पुतळा अकादमीकडेच परत पाठवला, इथे तो नीट सांभाळला जाईल याची खात्री नव्हती म्हणून. सोनेरी पुतळ्याची ही कथा, तिथे चपलेची काय?

आता मुद्द्याचं बोलतो. माझी मूळ तक्रार अशी, की ‘अस्सल’ म्हणून आपण जे शोधतो ते बहुतेक वेळा फक्त देखणं असतं. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, असे आठ जिल्हे त्यात आहेत. या यादीत मराठवाड्यातला एकही नाही. म्हणजे बीडच्या कारागिराने हुबेहूब तशी चप्पल केली तरी कायद्याने तिला कोल्हापुरी म्हणता यायचं नाही. ठीक आहे, हरकत नाही. पण मग आमच्याकडच्या सरपंचाला पडद्यावर ती घालायला लावताना तो रात्रभर एस.टी.त बसून ती आणायला गेला होता, असा निदान एक प्रसंग तरी घाला!

आमच्या जिल्ह्याला चामडं नवीन नव्हतं. बीडच्या चामड्याच्या छागला, म्हणजे पाण्याच्या पिशव्या, एके काळी नावाजलेल्या होत्या. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये त्यांची नोंद आहे. शिवाय गावोगाव मोट होती. विहिरीतून पाणी काढायची ती चामड्याची मोट करणं, सांधणं आणि शेतकऱ्याच्या घरच्या वहाणा शिवणं हे बलुतं होतं. सुगीला त्याबद्दल धान्य मिळायचं. मग विहिरींवर इंजिनं आली, विजेचे पंप आले, मोट गेली. पाठोपाठ कारखान्याची चप्पल आली, रबराची आली, पांढऱ्या तळाची निळ्या पट्ट्याची स्लीपर आली, आणि धान्याच्या जागी चिल्लर आली. शिवणाऱ्याचा झाला सांधणारा. आज माझ्या त्या छत्रीखालच्या बाबांकडे दिवसभर येतं ते पिशवीची चेन बसवणं आणि प्लॅस्टिकच्या बुटाला टाका घालणं. त्यांना जोड येतो, पण तो सांगायला कोणी येत नाही. आलो तर मी, तेही मोबाइलमधला फोटो घेऊन.

अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. लांबलचक कापडावर त्यांनी लिहिलेलं ते लिखाण शेकडो वर्षं जपलं गेलं, याचा आम्हाला योग्य तो अभिमान आहे. कापड जपलं, कारण त्यावर अक्षर होतं. वहाण कोण जपणार? ती उंबऱ्याच्या बाहेरची. तसा रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून चौदा वर्षं राज्य चालवल्याचा आदर्श आपण सांगतो, दूरदर्शनवर १९८७ साली डोळे भरून पाहिलाही. पण पादुका वेगळ्या आणि पायताण वेगळं. पादुकांना आपण डोकं टेकतो. पायताण शिवणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

इथे माझा विनोद जरा अडखळतो, अडखळू द्या. जुन्या काळच्या गावावर चित्रपट काढताना तुम्ही झाडून सगळ्यांच्या पायात छान वहाणा घालता. तेव्हा तसं होतं का? कितीतरी गावांत दलितांनी पायात वहाण घालून वाड्यासमोरून जायचं नाही, असा दंडक होता. वहाणा हातात घ्यायच्या, वाडा मागे पडला की पुन्हा घालायच्या. ज्या हातांनी चामडं कमावलं आणि जोडा शिवला त्याच माणसाला गिऱ्हाइकाच्या दारावरून अनवाणी जावं लागे. अस्सलपणाचा एवढा कळवळा असेल तर ते दृश्य दाखवा. एक माणूस हातात चपला घेऊन चालतो आहे, एवढंच. त्याला संवाद नको, पार्श्वसंगीत नको, कोल्हापूरची खरेदी नको. पण नेमकं हेच परवडत नाही.

आणि आजचं बघा. दसरा-दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातून लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून तिथे एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परतीची वाट बंद. लग्नाच्या याद्यांत ज्याला आपण जोडा म्हणतो, त्याला कारखान्याच्या वहीत कोयता म्हणतात. ऊस वाहणाऱ्या बैलगाडीला टायरची चाकं, म्हणून ती टायरगाडी. आणि कितीएक वर्षं त्या गाडीशेजारून चालणाऱ्याच्या पायातही टायरच. पाचट पोटऱ्या कापतं, तोडलेल्या उसाचे बुडखे तळपायात घुसतात; तिथे वेणीची चप्पल काय कामाची? म्हणून मी त्या बाबांना दुसरा प्रश्न विचारला होता, टायरची चप्पल करता का? त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“मोटारीच्या टायरची का टरकाच्या?”

“फरक काय?”

“मोटारीची हलकी, दोन उन्हाळं जाती. टरकाची जड, पर पाय झिजल, ती न्हाई झिजायची. आता कामून पायजे तुमाला? लोक लाजत्यात घालायला.”

लोक लाजतात, हे खरं. आणि चित्रपट बनवणारे त्यांच्याहून जास्त लाजतात. चेअरमनच्या पायातली करकर त्यांना हवी असते, कारण तिला रुबाब आहे. ज्यांच्या घामावर ती करकर चालते त्यांच्या पायातलं टायर त्यांना नको, कारण ते दिसायला वाईट. ‘सामना’सारखा चित्रपट मोठा ठरतो तो याच्यासाठी, की नाहीशा झालेल्या एका साध्या माणसाचं काय झालं हे त्यात एक मास्तर विचारत राहतो. आमचे तंतोतंतवाले मात्र चेअरमनची टोपी तेवढी तंतोतंत करतात. भाच्यालाही मी म्हटलं, “पुढच्या वर्षी ऊसतोड्या हो. सामान मी पाठवतो.” तो म्हणाला, “मामा, बक्षीस नाही मिळणार.” मुलगा हुशार आहे.

देखण्याचा हा सोस आपल्यापुरताच नाही. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाच्या फॅशन शोमध्ये पुरुषांच्या पायात आपल्या कोल्हापुरीसारख्याच चपला दिसल्या. नाव दिलं होतं नुसतं चामडी सँडल. किंमत लाखाच्या घरात असल्याच्या बातम्या आल्या आणि महाराष्ट्रात एकच गहजब उडाला. महाराष्ट्र चेंबरने पत्र लिहिलं, तेव्हा कंपनीने मूळ प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं मान्य केलं. त्या आठवड्यात मी मी म्हणणाऱ्यांचं रक्त उसळलं. आमची चप्पल! आमचा वारसा! मी सहज आजूबाजूच्या पायांकडे नजर टाकली. वारशाच्या बाजूने तावातावाने बोलणाऱ्या नऊ जणांपैकी सात जणांच्या पायात चिनी बनावटीचे बूट होते, आठव्याच्या पायात स्लीपर होती आणि नववा मांडी घालून बसला होता. परक्याने नाव गाळलं तर आपल्याला राग येतो. मग आपण स्वतः किती कारागिरांची नावं लिहिली?

यावर सिनेमावाल्यांचं ठरलेलं उत्तर मला ठाऊक आहे. “लोक पाय बघायला येत नाहीत.” बरोबर. लोक फेटा बघायलाही येत नाहीत, तरी तुम्ही तो बांधणारा माणूस खास बोलावता. “एवढं बजेट नसतं.” टायरच्या चपलेला? अहो, नायिकेच्या एका गाण्यातल्या फुलांच्या पैशांत अख्ख्या टोळीला जोड होतील, वर मुकादमाला एक जादा. “आणि करणारे कारागीर कुठे राहिलेत?” हे उत्तर मात्र सोळा आणे खोटं आहे. ते आहेत. रस्त्याच्या कडेला, छत्रीखाली, तुमच्या गाडीच्या काचेतून दिसणार नाहीत इतक्या खाली बसलेले आहेत. त्यांच्याशी बोलायचं तर वाकावं लागतं, एवढीच अडचण आहे.

तेव्हा माझ्या मागण्या साध्या आहेत. ज्या गावचा माणूस दाखवाल त्या गावच्या कारागिराकडे जा. नटाचा पाय कागदावर ठेवा, पेन्सिल फिरवू द्या, पैसे रोख द्या. जो अनवाणी होता त्याला अनवाणी दाखवा आणि तो का अनवाणी होता हेही दाखवा. आणि श्रेयनामावलीत नायक, नायिका, संगीत, नृत्य, साहस आणि चहावाल्यापर्यंत जी नावं येतात, त्यांत एक ओळ वाढवा. ‘पायताण’, आणि पुढे त्या माणसाचं पूर्ण नाव.

वाचणार कोण, असं म्हणाल. पण आपल्या प्रेक्षकांची एक सवय तुम्ही विसरता. चित्रपट संपून पाट्या सुरू झाल्या की सगळं थिएटर खाली वाकतं आणि अंधारात पायाने आपापल्या चपला चाचपू लागतं. आपल्या पायात काय आहे याची आठवण माणसाला असते ती तेवढाच वेळ. त्या नेमक्या क्षणाला ते नाव पडद्यावर आणा.